लँकेस्टरच्या काकूंना, चर्चच्या पीनट बटरबद्दल

प्रिय काकू,

इंग्रजीतलं आभाराचं कार्ड तुमच्या स्टॉलवर पोचवलं, ते वेगळं. हे मराठीत लिहितेय, कारण पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीतल्या माझ्या मैत्रिणी तुमच्या पीनट बटरच्या बरणीची कृती कधीपासून मागतायत, आणि कृती द्यायची तर ती कुणाची हे आधी सांगायला हवं. तुमच्याकडे इंटरनेट नाही, तेव्हा हे तुमच्या नजरेस पडायचं नाही. तरी आभार चारचौघांत मानायचे होते. आणि मैत्रिणींनो, फोटो मागू नका. काकू आमिश आहेत, म्हणजे वीज-मोटारीपासून दूर, जुन्या साध्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या. या माणसांना फोटो काढलेला रुचत नाही, म्हणून मी फोन पर्समध्येच ठेवला होता.

पेनसिल्व्हेनियातल्या या लँकेस्टर काउंटीत ‘आमिश’ असं लेबल लावलं की काहीही खपतं, मेणबत्तीपासून जॅमपर्यंत. तुमचं पीनट बटर मीही आधी त्यातलंच समजत होते. ते खरं रविवारच्या पंगतीतलं आहे हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं. तुमच्याकडे चर्चची वेगळी इमारत नसते. एक रविवार आड कुणाच्या तरी घरी, तळघरात नाहीतर कोठारात, तीनेक तास प्रार्थना चालते आणि मग सगळ्यांचं जेवण तिथेच. बाकं घोडागाडीतून या घरून त्या घरी फिरतात, प्रार्थना आटोपली की त्याच बाकांची टेबलं होतात. रविवारी कामं करायची नाहीत, म्हणून शनिवारी करून ठेवता येईल असंच जेवण: ब्रेड, हे गोड पीनट बटर, मऊ चीज, काकडीचं आणि बिटाचं लोणचं, वाळवलेल्या सफरचंदाचा स्निट्झ पाय, कॉफी. घर कुणाचंही असो, बेत साधारण हाच. “म्हणजे कुणाची कुणाशी चढाओढ नको,” असं तुम्ही म्हणालात, आणि मला आमच्याकडच्या लग्नातले चाट आणि पास्त्याचे काउंटर आठवले. मी काही बोलले नाही.

पंगतीसाठी तुम्ही हे बादलीच्या मापाने करता. मला मात्र पाकिटाच्या पाठीवर घरगुती माप लिहून दिलंत. दोन कप ब्राउन शुगर, एक कप पाणी, पाव कप कॉर्न सिरप हे उकळून गार करायचं, मग त्यात दोन कप पीनट बटर, मार्शमॅलो क्रीमची (साखरेचा फेसाळ, चिकट पांढरा गोळा) सात औंसांची बरणी आणि मेपलच्या इसेन्सचे थेंब घालून घोटायचं. झालं.

अडलं ते मार्शमॅलोवर. आपल्याकडे मार्शमॅलो म्हटलं की जिलेटिनची, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या पदार्थाची, शंका येते. बरणीतल्या क्रीममध्ये जिलेटिन नसतं, पण अंड्यातला पांढरा भाग असतो, आणि माझ्या सासूबाई अंडं खात नाहीत. त्या तेव्हा भारतातून आमच्याकडे आल्या होत्या, स्टॉलवर माझ्या शेजारीच उभ्या होत्या, आणि ब्रेडमध्ये डुकराची चरबी आहे का हेही मला विचारायला लावत होत्या. (नव्हती, तेल होतं.)

खरे आभार मला इथले मानायचे आहेत. अंडं खात नाही म्हटल्यावर इथे लोक काय काय विचारतात ते मला पाठ झालंय: थोडंसं चालेल का, केकमधलं चालेल का, तब्येतीमुळे का. तुम्ही यातलं काही विचारलं नाहीत. कुणी काय नियम पाळायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न, असा तुमचा चेहरा होता. घरात वीज घ्यायची नाही, पण हवेच्या दाबावर मिक्सर चालवायचा, अशी बारीक रेघ तुम्ही स्वतः रोज सांभाळता. दुसऱ्याची रेघ तुम्हाला विचित्र कशाला वाटेल? तुम्ही एवढंच म्हणालात, “मग क्रीम नको, नुसत्या पाकातलं करू,” आणि आम्हा दोघींना घरी बोलावलंत.

मैत्रिणींनो, कामाचं आता. क्रीम वगळलं की पाक कमी घ्यायचा: एक कप ब्राउन शुगर, अर्धा कप पाणी, पाव कप कॉर्न सिरप, आणि दीड कप पीनट बटर. साखर विरघळून एक उकळी फुटली की गॅस बंद. काकूंनी चमचा वर धरून दाखवला: पाक पाण्यासारखा सरळ गळला पाहिजे, थेंब लोंबायला लागला की उशीर झाला. सासूबाईंनी लगेच अंगठा आणि तर्जनीत पाक धरून पाहिला, तार आली नाही म्हणून मान डोलावली. एकतारीच्या आधी थांबायचं, एवढं दोघींचं एकमेकींची भाषा न येता ठरलं. कॉर्न सिरप कशाला, तर साखर पुन्हा दाणेदार होऊ नये म्हणून. आपण पाकात लिंबू पिळतो तेही त्याचसाठी.

पाक कोमट झाला की पीनट बटरमध्ये थोडा थोडा ओतायचा. पहिल्या पळीला ते सैल व्हायचं सोडून उलट घट्ट होतं, गोळा होऊन चमच्याला चिकटतं. काकूंच्या हातात मिक्सरची नळी फुसफुसत होती आणि सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. घाबरायचं नाही. दाण्याच्या कोरड्या चुऱ्याला जरासं पाणी लागलं की तो एकमेकांना धरून बसतो, आणखी पाक गेला की सुटतो आणि लकाकायला लागतो. गार झाल्यावर ते पुन्हा आवळतं, म्हणून वाटतं त्यापेक्षा जरा पातळच ठेवायचं. आणि फ्रिजमध्ये. क्रीमवाल्यासारखं ते हलकं होत नाही हे खरं, पण दाण्याची चव जास्त कळते. मला तर हेच आवडतं.

सासूबाई परत गेल्या आणि तिकडे त्यांनी गुळाचं केलं. काकू, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. ब्राउन शुगर म्हणजे शेवटी मळी मिसळलेली साखर, तेव्हा गूळ चालणारच. त्या गूळ पाण्यात विरघळवून गाळून घेतात, दाणे खमंग भाजून, सालं पाखडून, तेल सुटेपर्यंत मिक्सरमध्ये फिरवतात आणि मेपलऐवजी वेलची घालतात. विकतच्या पीनट बटरसारखं ते बांधून राहत नाही, तेल वर येतं, खाताना ढवळून घ्यावं लागतं. ब्रेडऐवजी पोळीला लावतात. नातवंडं पोळी टाकून बरणीच चाटतात अशी तक्रार फोनवर आली आहे, पण आवाजात तक्रार नव्हती.

शनिवारी येतेय. चाऊ-चाऊच्या, त्या आंबटगोड मिश्र भाज्यांच्या लोणच्याच्या, दोन बरण्या बाजूला ठेवा. आणि सासूबाईंनी विचारलंय, बिटाच्या लोणच्यात लवंग अख्खी घालता की कुटून?

तुमची,
चाऊ-चाऊत तिखट नाही म्हणून दर वेळी कुरकुरणारी गिऱ्हाईक