लियाँमध्ये काय आहे, वाईत काय आहे

लियाँ, फ्रान्स

तीर्थरूप आई व बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मी येथे खुशाल आहे. जेवण, थंडी आणि ऑफिस यांविषयी फोनवर बोलणे होतेच, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. बाबा, ऑफिसचे काम इंग्रजीत चालत असताना फ्रेंचच्या वर्गावर पैसे कशाला घालवतोस, असे तुम्ही विचारलेत. ते वाया जात नाहीत. २०२६ पासून येथे दहा वर्षांचे निवासपत्र हवे असेल तर फ्रेंचची बी-१ पातळी दाखवावी लागते आणि मी अजून ए-१ वर, म्हणजे बाराखडीतच आहे. मी कायमचा इकडचा होणार, असा अर्थ आईने यातून काढू नये. कागद हाताशी असलेला बरा, एवढेच.

सध्याचा धडा शहरात काय काय आहे हे विचारण्याचा आहे. ‘केस किल या आ लियाँ?’ असा प्रश्न करायचा आणि उत्तर ‘इल या’ने सुरू करायचे. वस्तू एक असो की दहा, ‘इल या’ बदलत नाही. आपल्यासारखे ‘आहे’ आणि ‘आहेत’ सांभाळावे लागत नाही. मात्र पुढच्या नामाचे लिंग ठाऊक असावे लागते, आणि गंमत अशी की ‘इल न्या पा द’ म्हणून नकार दिला की त्या लिंगाची कटकट उरत नाही. त्यामुळे आम्ही नवशिके अडले की ती वस्तू शहरात नाहीच असे सांगून मोकळे होतो. आमच्या वर्गाचे ऐकाल तर या गावात धड एक पूलही नाही. प्रत्यक्षात येथे रोन आणि सोन या दोन नद्यांचा संगम आहे, फूर्व्हिएरच्या टेकडीवर रोमनांचे नाट्यगृह आहे, मेट्रोचे चार मार्ग आहेत, आणि बाबांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे ल्युमिएर बंधूंचे संग्रहालय आहे. १८९६ च्या जुलैत मुंबईच्या वॉटसन हॉटेलात हलती चित्रे दाखवली गेली, ती याच भावांची.

धड्याचा सराव म्हणून बाईंनी आम्हांला बाजारात पाठवले, तेव्हा येथील एक रीत कळली. ती नीट सांगतो, कारण उद्या तुम्ही आलात तर उपयोगी पडेल. येथे कोणालाही काही विचारण्याआधी ‘बाँजूर’ म्हणावे लागते. बसचालकाला म्हणायचे, दवाखान्यात बाकावर बसलेल्या अनोळखी लोकांनाही म्हणायचे, संध्याकाळ झाली की ‘बाँस्वार’ म्हणायचे. पण त्याच माणसाला त्याच दिवशी दुसऱ्यांदा ‘बाँजूर’ म्हणायचे नाही, कारण सकाळची भेट तुम्ही विसरलात असा त्याचा अर्थ होतो. पुन्हा भेट झालीच तर ‘रबाँजूर’ म्हणतात. आमच्या वर्गातील एका मुलाने पावाच्या दुकानात शिरून, जवळ पोस्ट आहे का, असे थेट विचारले. दुकानातील बाई पावाभोवती कागद गुंडाळता गुंडाळता थांबल्या, ‘बाँजूर’ म्हणाल्या आणि त्याच्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. त्याने ‘बाँजूर’ म्हटल्यावर मात्र त्याच बाई पिठाच्या हातांनी दाराबाहेर येऊन कोपऱ्यापर्यंतची वाट दाखवू लागल्या. मला यात शिष्टपणापेक्षा शिस्त अधिक दिसते, आणि माणसे तुसडी आहेत हे आत्याचे म्हणणे खरे नाही.

गृहपाठात आपापल्या गावाविषयी लिहायचे होते. मी कृष्णा, घाट, ढोल्या गणपती असे सगळे लिहिले आणि ‘इल न्या पा द गार’, म्हणजे रेल्वे स्टेशन नाही, असेही लिहिले. पुढे मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे असे वाचल्यावर बाईंनी मला पुन्हा वाचायला लावले. स्टेशन नसलेल्या गावात वीस खंडांच्या विश्वकोशाचे काम कसे चालले, हे त्यांना पटेना. एसटी म्हणजे काय हे सांगण्याइतके फ्रेंच मला अजून येत नाही.

मंजूच्या साखरपुड्याची तारीख माझ्यासाठी पुढे ढकलू नका. माझ्या निवासपत्राचे नूतनीकरण चालू आहे आणि नवे कार्ड हाती येईपर्यंत येथून निघणे शहाणपणाचे नाही. मुलाकडच्यांना तसे स्पष्ट सांगा, म्हणजे थोरला भाऊ मुद्दाम आला नाही असे त्यांना वाटायला नको. लग्नाला मी येणार. रजेचा अर्ज दिला आहे. मंगल कार्यालयाच्या अनामतीसाठी पैसे बाबांच्या खात्यावर पाठवले आहेत, ते माझ्या शिक्षणाच्या कर्जाकडे वळवू नका, तो हप्ता मी वेगळा भरतो. माझ्या स्वतःच्या स्थळाचे मंजूचे लग्न पार पडल्यावर बघू, आणि वर्गातील मुलींविषयी आईने विचारू नये. बाबांना मोतीबिंदूच्या तपासणीसाठी साताऱ्याला न्यायला शेजाऱ्यांची गाडी मागावी लागली, हे तुम्ही नाही, मंजूने सांगितले. पुढच्या खेपेला गाडी भाड्याने करा. तेवढे पैसे त्याच रकमेत धरले आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सुहास