आत्याला पूर्ण वाक्यात लिही

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काका गेले तेव्हा तू ग्रुपवर नुसतं 'आरआयपी' (रेस्ट इन पीस) टाकलंस आणि ते आत्याला लागलं, हे मी सांगितल्यावर परवा फोनवर तू विचारलंस, 'बाबा, आमचे शॉर्टफॉर्म तुम्हाला खरंच खटकतात का, की नुसती आत्याची बाजू घेताय?' तुझी मीटिंग सुरू होत होती, म्हणून विषय तसाच राहिला. आज सविस्तर लिहितो. तार ऑफिसात शब्द आखडून पाठवण्यातच माझी उभी नोकरी गेली, तेव्हा यावर बोलायचा मला थोडा हक्क आहे.

पहिलं म्हणजे, बहुतेक शॉर्टफॉर्म मला मुळीच खटकत नाहीत. 'ओटीडब्ल्यू' आलं की तू निघालीस एवढं कळतं. 'बीआरबी' म्हणजे दारात कुणीतरी आलंय, आत्ता परत येशील. मी गोळी घेतल्याचं कळवतो आणि तुझा नुसता 'के' येतो, तोही मला पुरतो. ती पोच आहे, पोच लांबलचक कशाला हवी? तुझ्या मैत्रिणींशी तू जे काही लिहितेस ते तर तुमच्या तुमच्यातलं आहे, त्यात मी नाक खुपसणार नाही.

तुमच्या पिढीने भाषेची वाट लावली, असं जे आपल्या ग्रुपवर अधूनमधून येतं, तेही मला पटत नाही. 'ओएमजी' (ओह माय गॉड) हे ब्रिटिश आरमाराच्या लॉर्ड फिशर यांनी १९१७ साली चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात सापडतं. आणि आपलं काय? तुझ्या आजोबांची पत्रं ट्रंकेत आहेत, काढून बघ. 'ती. बाबांस, सा. न. वि. वि.' इथपासून 'ता. क.' पर्यंत टिंबंच टिंबं. पाकिटावर रा. रा., मु. पो., ता., जि. पण साष्टांग नमस्कार विनंती विशेष हे पूर्ण रूप शाळेत घोटून घेतलेलं असायचं. लिहिणाऱ्याला ते येत होतं आणि वाचणाऱ्यालाही. फिशरसाहेबांनीसुद्धा ओएमजीच्या पुढे कंसात त्याचा अर्थ लिहून दिला होता, हे मला फार आवडतं.

मोबाइल आल्यावर आखडून लिहिणं भागच होतं. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं मावायची १६०, देवनागरी लिहिलं तर फक्त ७०. त्यात एकेका बटणावर तीन-चार अक्षरं. मग लोक मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायला लागले आणि त्यातलेही स्वर गाळायला लागले. तुझा दादा अजून 'मला'साठी एम, एल, ए एवढंच लिहितो. आजीला तो मेसेज वाचून दाखवताना मी आधी आमदार असंच वाचलं होतं. आता व्हॉट्सअ‍ॅपवर अक्षरांना पैसे पडत नाहीत, मर्यादाही आड येत नाही. हाताला वळण मात्र तेच राहिलं, आणि त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही.

आता तारेचं सांगतो. आमच्याकडे शब्दागणिक पैसे. पत्त्यातले शब्दही मोजले जायचे, म्हणून मोठे व्यापारी तारेपुरता एकशब्दी पत्ता नोंदवून ठेवत. साधा माणूस काउंटरशी फॉर्म घेऊन उभा राहायचा. लिहायचा, खोडायचा, खिसा चाचपायचा आणि मग फॉर्म माझ्याकडे सरकवून म्हणायचा, 'साहेब, यातलं काय काढता येईल बघा.' मी पेन्सिलीने शब्दांवर टिचक्या मारत मोजायचो. 'प्लीज' निघायचं, 'युवर' निघायचं. शेवटी उरायचं ते 'फादर एक्स्पायर्ड स्टार्ट इमिजिएटली'. एवढं कोरडं लिहिलं म्हणून कुणी कधी रागावलं नाही, कारण तार फक्त बातमी पोचवायची. मागाहून पत्र यायचं, चार-चार पानांचं. माणसं एसटीने येऊन बसायची. सांत्वन तारेवर भागवायचं असतं, असं कुणाच्या मनातही येत नसे.

शुभेच्छांची तार तू पाहिलेली नाहीस. त्यासाठी आमच्याकडे छापील यादी असायची. लग्नाचं अभिनंदन, दिवाळी, परीक्षेतलं यश, प्रत्येक वाक्याला एक आकडा. गिऱ्हाईक यादीतलं वाक्य निवडायचं आणि तारेवरून नुसता आकडा जायचा. पण पलीकडच्या ऑफिसातला माणूस तो आकडा यादीत बघून पूर्ण वाक्य फॉर्मवर लिहायचा. फॉर्मही साधा नाही, रंगीत, फुलाबिलांचा. नवरा-नवरीच्या हातात आकडा कधीच पडला नाही. जे आखडलं ते तारेसाठी आखडलं, माणसाला त्याचं वाक्य पुरतं मिळायचं. मोर्सवाल्यांची, म्हणजे टिंब-रेघांनी संदेश पाठवणाऱ्यांची, आपसातली खूण वेगळी. हौशी रेडिओवाले आजही एकमेकांना निरोप देताना '७३' पाठवतात, म्हणजे शुभेच्छा. दोघांनाही ती खूण पाठ असते, म्हणून ते शोभतं.

समोरच्याकडे यादीच नसली तर काय होतं, हे ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांना कळलं. वृत्तपत्रक्षेत्रातल्या रिबेका ब्रुक्स यांना पाठवलेल्या मेसेजखाली ते कधीकधी 'एलओएल' लिहीत, त्यांच्या मते त्याचा अर्थ 'भरपूर प्रेम'; बाकीचे तो 'मोठ्याने हसणं' असा घेतात. २०१२ च्या चौकशीत हे सगळ्या देशासमोर आलं.

आत्याचं मात्र तसं नाही. 'आरआयपी' म्हणजे काय ते तिला चांगलं माहीत आहे. न कळल्यामुळे तिला लागलेलं नाही. काका गेले त्या रात्री ती ग्रुप उघडून बसली होती, मी शेजारीच होतो. तीच तीन अक्षरं आणि हात जोडल्याचं चित्र, खाली खाली तेच. ती प्रत्येकापाशी अंगठा थांबवून नाव वाचत होती. तुझ्या नावापाशी जरा जास्त थांबली. 'सोनूने पण?' एवढंच म्हणाली आणि फोन उपडा ठेवला.

सोने, दहावीच्या सुट्टीत तू इचलकरंजीला त्यांच्याकडे राहिलीस. खाली लूमचा खडखडाट आणि माळ्यावर काका तुला भूमितीची प्रमेयं समजावताहेत, कागद संपला की कापडाच्या गाठोड्यावरच्या पुठ्ठ्यावर वर्तुळं काढताहेत. हे तूच मला कितीदा सांगितलं आहेस. ते आत्याला सांग ना. तिला आता त्यांच्याबद्दल ऐकायचं आहे, कुणाकडूनही, कितीही. तू ऑफिसात होतीस, घाईत होतीस, तुला वाईट वाटलं नाही असं मी क्षणभरही मानलेलं नाही. पण तुला काय वाटलं हे त्या तीन अक्षरांतून तिच्यापर्यंत पोचलं नाही, आणि ती विचारायला येणार नाही.

वाढदिवसाच्या 'एचबीडी'चंही मला असंच वाटतं, विशेषतः आजीच्या वाढदिवसाला. तिच्यासाठी एक वाक्य टाइप कर, नाहीतर बोलून पाठव, व्हॉइस मेसेज ती पुन्हा पुन्हा लावून ऐकते. मित्रांना हवं ते पाठव.

तर एवढं कर. आत्याला मराठीत लिही, देवनागरीत, तुझ्या फोनवर कीबोर्ड आहेच. पुठ्ठ्यावरच्या वर्तुळांचं लिही. माफी वगैरे मागत बसू नकोस, तिला ते अवघड होईल. आणि लिहिल्यावर दोन दिवसांनी फोन कर, चारनंतर. दुपारी ती हल्ली झोपते, आणि सकाळी भेटायला येणाऱ्यांची वर्दळ असते.

तुझा,
बाबा