मनगटावरचा आकडा बघून गोळी चुकवू नका

मा. संपादक,

सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला येणाऱ्यांच्या मनगटावर हल्ली स्मार्टवॉच सर्रास दिसते. कट्ट्यावर टेकले की कोणाची पावले किती झाली याची चर्चा रंगते. त्या निमित्ताने माणसे चालतात, हे चांगलेच आहे. पण तिथेच ‘आज बीपी नॉर्मल दाखवतंय, गोळी राहू दे’ असेही बोलले जाते. त्यासाठी हे पत्र.

घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा असतो. त्याचा उजेड कातडीत शिरतो. प्रत्येक ठोक्याला नसांत रक्त भरते, तेवढा उजेड जास्त शोषला जातो आणि परत कमी येतो. या चढउतारावरून नाडी मोजतात. माणूस स्वस्थ बसला असेल तर हा आकडा बऱ्यापैकी बरोबर येतो. रक्तदाब मात्र असा मोजला जात नाही. दंडाचा पट्टा हवेने फुगून रक्त थांबवतो, हळूहळू सोडतो आणि त्यावरून दाब कळतो. ज्यांच्या पट्ट्यात खरोखर हवा भरते अशी मोजकी घड्याळे सोडली, तर बाकीची केवळ अंदाज बांधतात. त्यातली बरी कंपनीसुद्धा आधी दंडावरच्या यंत्राचा आकडा भरायला लावते आणि दर चार आठवड्यांनी तो पुन्हा मागते. बाजारातल्या हजार-दीड हजाराच्या घड्याळाची परीक्षा घरीच घ्या: टॉवेलची घट्ट गुंडाळी करून त्यावर बांधा. टॉवेलचाही बीपी दाखवला, तर काय समजायचे ते समजा.

साखरेचे तर त्याहून गंभीर. सुई न टोचता स्वतः साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (औषधे आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी 2024 मध्ये दिला. अशा आकड्यावर इन्सुलिन घेतले आणि साखर एकदम उतरली, तर माणूस बेशुद्ध पडतो. दंडावर चिकटवायच्या सेन्सरची बारीक तार कातडीखाली असते. तो आपला आकडा घड्याळावर पाठवतो. ती गोष्ट वेगळी.

नाडीसाठीही घड्याळ नीट बांधावे लागते. मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, कोपराच्या बाजूला. हलणार नाही इतके घट्ट, पण वळ उठणार नाही इतके सैल. आपल्याकडे जुन्या बायकांच्या हातावर गोंदण असते. त्याची शाई उजेड अडवते, म्हणून गोंदण नसलेला हात निवडावा. थंडीत हात गार पडला की नसा आकसतात आणि आकडा भरकटतो. भरभर चालताना काही घड्याळे पावलांची लयच ठोके म्हणून धरतात. शंका आली तर पाच मिनिटे बसा, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून 30 सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा.

पावले हाताच्या हालचालीवरून मोजली जातात. भाकरी थापताना किंवा खड्ड्यांतून मोटारसायकल नेताना ती फुकटची वाढतात. दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या असल्या तर चालूनही कमी भरतात. रोज दहा हजार पावले चालण्याचा आकडा 1965 मध्ये जपानातल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला, डॉक्टरांच्या चिठ्ठीतून नव्हे. कालपेक्षा आज जास्त चाललो का, एवढे बघितले तरी पुरे.

बीपीसाठी दंडावरचे यंत्रच घ्या. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटे शांत बसा. दंड उघडा आणि छातीच्या पातळीवर ठेवा. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा, वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळी तेच बदलतील.

महागड्या घड्याळातला 30 सेकंदांचा ईसीजी ठोक्यांची अनियमित लय पकडू शकतो, हार्ट अटॅक नाही. छातीत कळ, दरदरून घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला वेदना असेल, तर घड्याळात काहीही दिसो, 108 ला फोन करा.

दुकानदारांनाही हात जोडून विनंती आहे. खोक्यावर बीपी आणि शुगर छापलेले असले, तरी वयस्कर गिऱ्हाइकाला घड्याळ देताना ‘यावर औषध ठरवू नका’ एवढे मराठीत, कन्नडमध्ये तोंडी सांगा.

– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव