बाली की मॉरिशस? आधी महिना ठरवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील 'बाली की मॉरिशस' हा लेख वाचला. दोन्ही बेटांची विमानभाडी, हॉटेलांचे दर आणि पाहण्याजोगी ठिकाणे त्यात शेजारी शेजारी मांडून शेवटी बाली स्वस्त पडते, असा कौल दिला आहे. हिशेब चुकीचा नाही. परंतु जायचे कोणत्या महिन्यात, हा प्रश्न लेखात कोठेच विचारलेला नाही आणि सहलीचे पैसे वसूल होणार की पाण्यात जाणार, हे बहुतांशी त्यावरच ठरते. ही दोन्ही बेटे मी पाहिली आहेत, त्यांतले एक नको त्या महिन्यात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी एका सहल कंपनीने जानेवारीच्या मध्यावर बालीची सहल बरीच सवलतीत देऊ केली आणि आम्ही सहा जण, सासूबाईंसह, निघालो. बालीत पावसाळा नोव्हेंबर ते मार्च असतो आणि डिसेंबर-जानेवारीत तो ऐन भरात असतो, हेच त्या सवलतीचे कारण होते, पण ते आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. त्या दिवसांत वारा पश्चिमेकडून वाहतो आणि कुटाचा प्रसिद्ध किनारा नेमका पश्चिमेलाच असल्यामुळे समुद्रातला सगळा कचरा तेथे येऊन पडतो. पहिल्या दिवशी सकाळी आम्ही पाहिले ते हे: पाण्याच्या बाटल्या, शाम्पूच्या पुड्या, बांबूचे तुकडे, एकेका पायाच्या चपला आणि हे सगळे ओढून ढीग लावणारा एक ट्रॅक्टर. "विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आपली चौपाटी अशीच असते की गं," असे म्हणून सासूबाई खोलीवर परतल्या आणि पुढचे तीन दिवस पावसाने त्यांना तेथेच ठेवले. तेच बाली मे महिन्यात गेलेल्या माझ्या भाच्याने पाहिले तेव्हा आकाश निरभ्र, भातखाचरे हिरवी आणि किनारा झाडून घेतल्यासारखा होता. दोघेही खरेच सांगतो आहोत.

ही दोन्ही बेटे विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहेत, बाली साधारण ८ अंशांवर आणि मॉरिशस २० अंशांवर. त्यामुळे आपल्याकडे वळीव पडण्याच्या सुमारास तेथे कोरडा हंगाम लागलेला असतो. मराठी कुटुंबांना शाळांच्या सुट्ट्यांमुळे मे आणि दिवाळी एवढेच दोन मुहूर्त मिळतात. मे महिन्यात मी निःशंकपणे बाली सुचवेन, कारण पाऊस नुकताच संपलेला असतो आणि जुलै-ऑगस्टची गर्दी अजून व्हायची असते. मे मॉरिशसलाही वाईट नाही. मात्र त्यानंतर आग्नेयेकडून येणारे वारे जोर धरतात आणि ऑगस्टपर्यंत बेल मारसारख्या पूर्वेच्या किनाऱ्यावर ते इतके झोंबतात की स्वेटर घालून वाळूत बसण्याची वेळ येते. याच दिवसांत पश्चिमेच्या फ्लिक आँ फ्लाकला मात्र आडोसा मिळतो, म्हणून मॉरिशसचे हॉटेल घेताना ते कोणत्या बाजूला आहे हे तारांकनाच्याही आधी विचारावे.

दिवाळीत मात्र उलटे. ऑक्टोबर हा मॉरिशसचा सर्वांत कोरडा महिना, वारा मंदावलेला आणि उन्हाळा अजून चढायचा असलेला. बालीत ऑक्टोबर चालून जातो, नोव्हेंबरचा भरवसा नाही. आणि आपली दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्यावर तर कधी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत येत असल्याने येथे कालनिर्णय पाहूनच निर्णय करावा लागतो. नाताळच्या सुट्टीत मी दोन्हीकडे जाणार नाही. बालीत तेव्हा पाऊस असतो आणि मॉरिशसला चक्रीवादळांचा हंगाम सुरू झालेला असतो. जानेवारी २०२४ मध्ये 'बेलाल' वादळाने राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून नेल्या होत्या.

महिन्यानंतर पाहायचे ते बरोबर कोण आहे. मॉरिशसला जवळजवळ चहूबाजूंनी प्रवाळाचा कठडा आहे. लाटा त्यावर बाहेरच फुटतात आणि आतले पाणी गुडघा-कमरेइतके, शांत राहते. लहान मुले आणि पाण्याला भिणारी माणसे बरोबर असतील तर याला तोड नाही. कुटाच्या लाटा फळीवर स्वार होणाऱ्यांसाठी. बालीत शांत पाणी हवे असेल तर सानूर किंवा नुसा दुआ गाठावे. शिवाय बालीत विमानतळापासून आतल्या भागातले उबुद गाव जेमतेम ३५ किलोमीटर, पण गर्दीत दीड-दोन तास सहज जातात, हे गुडघेदुखी असलेल्यांनी लक्षात ठेवावे. शाकाहाऱ्यांना बालीत टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, उत्तम मिळते. मात्र सोबतच्या सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, बहुधा कोळंबीचा खर्डा असतो, तेव्हा विचारून खावे. पोर्ट लुईच्या बाजारात कागदात गुंडाळून जोडीने मिळणारी ढोलपुरी, म्हणजे शिजवून वाटलेली डाळ भरलेली पातळ पोळी, खाल्ली तेव्हा पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण भेटल्यासारखे वाटले.

आपलेपणा दोन्हीकडे आहे, फक्त वेगवेगळ्या वाटेने आलेला. बालीत आपल्याप्रमाणेच शके मोजतात आणि त्यांचा नववर्षदिन 'न्येपी' पुष्कळदा पाडव्याच्या आसपास येतो. २०२३ मध्ये दोन्ही २२ मार्चलाच होते. अधिक मासाचे गणित जुळले नाही तर, २०२४ प्रमाणे, महिन्याचा फरक पडतो. त्या दिवशी संपूर्ण बेट मौन पाळते, दिवे लागत नाहीत, पर्यटकांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही आणि विमानतळ चोवीस तास बंद असतो, म्हणून मार्चचे तिकीट काढण्याआधी ही तारीख अवश्य पाहावी. मॉरिशसला नाते रक्ताचे आहे. १८३४ पासून हिंदुस्थानातून जवळजवळ पाच लाख करारबद्ध मजूर पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरले, त्यांत कोकणातले मराठीही होते. घाटाच्या सोळा पायऱ्या आजही पाहता येतात आणि गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. दिवाळीत आम्हाला फिरवणारे चालक मराठी वंशाचे होते. मराठी त्यांना बोलता येत नव्हते, पण गणपतीची आरती तोंडपाठ होती, आणि ती त्यांनी गाडी चालवता चालवता म्हणून दाखवली तेव्हा सासूबाईंनी मागच्या आसनावरून टाळ्यांचा ठेका धरला.

खर्चाबाबत एवढेच, की बालीत हॉटेल स्वस्त असले तरी आगमनावेळच्या व्हिसाचे पाच लाख इंडोनेशियन रुपिया आणि २०२४ पासून लागू झालेला दीड लाख रुपियांचा पर्यटक कर माणशी धरावा लागतो; आकडा दचकवणारा असला तरी लाख रुपियांची नोट आपल्या सहाशे रुपयांच्या आतच येते. मॉरिशसच्या व्हिसासाठी आपल्याला पैसे मोजावे लागत नाहीत आणि हॉटेलच्या दरात पुष्कळदा न्याहारीबरोबर रात्रीचे जेवणही असते. लेखातील तुलनेत हे धरलेले दिसले नाही.

पुढील वेळी अशी तुलना छापताना दरांच्या कोष्टकाशेजारी महिनावार पाऊस आणि वाऱ्याची दिशा असे आणखी दोन रकाने द्यावेत, ही विनंती. पुरवणीच्या त्याच पानावर खाली जानेवारीतील बाली सहलीची सवलतीची जाहिरात आहे, म्हणून ही घाई.

आपली,
एक नियमित वाचक, ठाणे