तो साबण मी का उघडला नाही

ती. आई-बाबांना,
सा. न.

तुम्ही गेलात त्या संध्याकाळी बाथरूम आवरताना फळीवरचा तो साबण हातात आला. वेष्टनासकट, जसा आणला होतास तसा. आई, दहा दिवस तू तो रोज बघत होतीस आणि एका शब्दाने बोलली नाहीस. निघताना फक्त म्हणालीस, "वास आवडला नसेल तर बदलून घेईन." वास छान आहे गं. कारण वेगळं होतं, आणि ते तोंडावर सांगायला मला जमेना. सांगायला लागले असते तर बाथरूमच्या दाराआड काय चालतं ते सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणून पत्र.

तू दाराबाहेर उभी असायचीस ते मला कळायचं. तुझ्या चपलांचा आवाज दारापर्यंत यायचा आणि तिथेच थांबायचा. मग पाच-पाच मिनिटांनी "झालं का गं?" बाबा, तुम्ही तेवढ्या वेळात एकच वर्तमानपत्र दोनदा वाचून काढत होतात. तुम्हाला वाटत होतं की आत मला काहीतरी त्रास होतोय आणि मी लपवतेय. खरं सांगते, बहुतेक वेळा मी गुणगुणत असते.

पण सुरुवातीला तसं नव्हतं. ऑपरेशननंतर हॉस्पिटलमध्ये नर्सने माझ्या पोटावरची, मळ गोळा करणारी बॅग पहिल्यांदा काढली तेव्हा तू खिडकीकडे बघायला लागलीस. तू बघत होतीस म्हणून मीही त्याच खिडकीकडे बघितलं. पोटावर आपलंच आतडं बाहेर आलेलं बघायची तयारी आपल्या दोघींचीही नव्हती. घरी आल्यावर सुरुवातीचे तीन आठवडे मी आंघोळच केली नाही. ओल्या फडक्याने अंग पुसायचं, वाकून बेसिनमध्ये केस धुवायचे. तुम्हाला फोनवर "हो, झाली आंघोळ" म्हणायचे ते खोटं होतं. भीती एकच होती, की पाणी आतड्याच्या त्या उघड्या तोंडातून, म्हणजे स्टोमातून, पोटात जाईल.

शेवटी स्टोमा नर्सला विचारलं. ती म्हणाली, "नळ चालू असताना बाहेरचं पाणी नळात शिरतं का?" आतडं सतत आतून बाहेर ढकलत असतं, त्यामुळे आंघोळीचं पाणी आत जात नाही. साबणाचा फेस ओघळून स्टोमावर आला तरी काही होत नाही, धुऊन टाकायचा. एवढ्या साध्या उत्तरासाठी मी तीन आठवडे पारोशी राहिले.

तरी पहिल्या आंघोळीला मी शहाणपणा केलाच. बॅगवरून प्लॅस्टिक गुंडाळलं आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. आत पाणी गेलंच, आणि चिकटपट्टी काढताना कातडीचं सालपट निघालं. बॅग आणि तिचा पोटाला चिकटणारा भाग, त्याला फ्लॅन्ज म्हणतात, दोन्ही पाण्यासाठी बनवलेले असतात हे मला ठाऊकच नव्हतं. बॅगला वरच्या बाजूला गॅस जाण्यासाठी एक छोटा फिल्टर असतो, तो भिजला की काम करत नाही, म्हणून आंघोळीआधी त्यावर स्टिकर लावायचा. बास. खरा घोळ आंघोळीनंतर होतो. फ्लॅन्जची कडा आणि बॅगची मागची बाजू ओली राहिली तर खाली खाज सुटते, कधी बुरशीसुद्धा धरते. त्यामुळे ती टॉवेलने टिपून टिपून कोरडी करावी लागते. घासायची नाही.

हे झालं रोजचं. यात दहा मिनिटंही जात नाहीत. तू बाहेर ताटकळायचीस ते मंगळवारी आणि शुक्रवारी. ते माझे बॅग बदलायचे दिवस, म्हणजे साधारण तीन-चार दिवसांनी एकदा. त्या दिवशी मी बॅग काढूनच आंघोळ करते.

आई, बॅगशिवायची ती दहा मिनिटं कशी असतात ते तुला सांगायचंच होतं. एरवी चोवीस तास पोटावर काहीतरी चिकटलेलं असतं. खाली बसताना, झोपेत कूस बदलताना, कुणी मिठी मारली की त्या क्षणीसुद्धा मनाचा एक कोपरा तिथेच असतो. मंगळवारी ते सगळं निघतं आणि कोमट पाणी सरळ पोटावरून वाहतं. फ्लॅन्जखालची कातडी, जी तीन दिवस झाकलेली होती, तिला पाणी लागतं तेव्हा इतकं बरं वाटतं की मी काही वेळ नुसती उभी राहते. स्टोमाला हात लागला तरी दुखत नाही, त्याला दुखणं कळवणाऱ्या नसा नाहीत. दिसायला तो ओठाच्या आतल्या बाजूसारखा, लाल आणि ओला. पुसताना कधी रक्ताचा ठिपका येतो, ब्रश करताना हिरडीतून येतो तसा, आणि थांबतो. दुखत नाही म्हणून उलट जपावं लागतं, कारण इजा झाली तरी कळणार नाही. म्हणून शॉवरची जोराची धार थेट त्यावर घेत नाही, जरा तिरकं उभं राहते.

आता यातली गंमत अशी की स्टोमाला वेळ-काळ कळत नाही. माझं मोठं आतडं काढून टाकलेलं असल्यामुळे लहान आतड्यातून जे येतं ते पातळच येतं, आणि रोखून धरायला तिथे स्नायू नाही. सकाळी काही खाण्या-पिण्याआधी ते त्यातल्या त्यात शांत असतं, म्हणून मी चहाच्या आधी आत जाते. आठवतंय ना, तू चहा घेऊन मागे लागायचीस आणि मी "नंतर" म्हणायचे? तुमच्या दुसऱ्या मंगळवारी मी चहा प्यायले. तुझं मन मोडवेना. मग केसांना शाम्पू लावलेला असताना त्याने आपलं काम केलं, पायावर, फरशीवर, सगळीकडे. पातळ असतं, पाण्याबरोबर वाहून जातं, पण फरशी घासायला आणि पुन्हा अंग धुवायला वेळ लागतोच. तू तेव्हाच तीनदा हाक मारलीस. मी चिडून "जरा थांब ना!" ओरडले, ते तुझ्यावर नव्हतं.

आता साबणाचं. फ्लॅन्ज चिकटतो तो स्वच्छ, कोरड्या, उघड्या कातडीला. तेल, क्रीम, मलईदार साबण यांचा नुसता पातळ थर राहिला तरी त्याची पकड सुटते आणि कडेने गळती सुरू होते. आणि गळती म्हणजे फक्त कपडे खराब होणं नाही. लहान आतड्यातून येणाऱ्या द्रवात पाचक रस असतात. अन्न कुठलं आणि माझी कातडी कुठली, हे त्यांना कळत नाही. एका रात्रीच्या गळतीने पोट भाजल्यासारखं लाल होतं. म्हणून स्टोमाभोवती मी फक्त कोमट पाणी आणि मऊ फडकं वापरते. ओले सुगंधी टिश्यूही नाहीत. बाबा, तुम्ही गुपचूप आणून ठेवलेली जंतुनाशकाची बाटली त्याच कारणाने कपाटात आहे. स्टोमा ही जखम नाही, निर्जंतुक करायची गरजच नसते. त्या औषधाने कातडी मात्र सोलपटते. तुम्हा दोघांची माया एका फळीवर आणि एका कपाटात बंद पडून होती, आणि मी काही बोलत नव्हते, हे चुकलंच.

धुऊन झालं की टिपून कोरडं करायचं, मग ड्रायरचा गार वारा. तो घूं घूं आवाज तुला केस वाळवण्याचा वाटायचा! मग आरशात कातडी नीट बघते. ओलसर, सोललेली दिसली तरच थोडी स्टोमा पावडर, तीही जादाची झटकून, नाहीतर तीच चिकटू देत नाही. फ्लॅन्जचं भोक आधीच कापून ठेवलेलं असतं, स्टोमापेक्षा 2-3 मिलिमीटर मोठं. यात मी एकदा चांगलीच फसले. ऑपरेशननंतरची सूज उतरून स्टोमा 6 ते 8 आठवड्यांत लहान होतो, आणि मी तिसऱ्या महिन्यातही जुन्याच मापाने कापत होते. मधली उघडी कातडी महिनाभर जळत राहिली. दोष बॅगला देत होते. मोजपट्टी खणातच पडून होती.

लावायच्या आधी फ्लॅन्ज तळहातांमध्ये धरून ऊबदार करते, ताठ उभी राहते म्हणजे पोटाला घडी पडत नाही, आणि लावल्यावर वरून हात दाबून धरते. तेवढा वेळ दार उघडता येत नाही, हात गुंतलेले असतात.

बाकीचं थोडक्यात. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करते, त्यामुळे दिवसातून पाच-सहा फेऱ्या होतात. वास येतो तो तेवढ्यापुरता, बॅग नीट बसलेली असेल तर एरवी येत नाही. आई, तू माझ्या शेजारी बसून हळूच श्वास घेऊन बघितलास ते मी पाहिलं, आणि मला हसू आलं, कारण मीही पहिले सहा महिने तेच करत होते. वापरलेली बॅग दुहेरी गुंडाळून कचऱ्यात जाते, संडासात कधीच टाकायची नाही. माझे कपडे वेगळे धुवायची गरज नव्हती. तू धुतलेस, मी धुऊ दिले.

ही चिकटणारी बॅग कुठून आली ते मला अलीकडेच कळलं. 1954 साली डेन्मार्कमध्ये एलिसे सोरेन्सेन नावाची एक नर्स होती. तिच्या बहिणीची, थोराची, कोलोस्टॉमी, म्हणजे मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढायचं ऑपरेशन, झाली होती, आणि चारचौघांत गळती होईल या धास्तीने ती घराबाहेरच पडेना. तिच्यासाठी एलिसेला कल्पना सुचली, की पिशवी सरळ कातडीलाच चिकटवावी. पुढे ती बनवणाऱ्या प्लॅस्टिक कारखानदाराचं मन वळवलं ते त्याच्या बायकोने, तीही नर्सच होती. मंगळवारी बॅग दाबून धरून उभी असते तेव्हा मला कधीकधी ती थोरा आठवते.

तुम्हाला काळजी करायचीच असेल तर ती कशाची करायची तेही लिहिते, म्हणजे उरलेली सोडून देता येईल. स्टोमा जांभळा किंवा काळा पडला, रक्त थांबेना, पोटात कळा येऊन उलट्या होतायत आणि काही तास बॅगमध्ये काहीच आलं नाही, किंवा पाण्यासारखं भरभरून येतंय आणि मला चक्कर येतेय, तर थेट डॉक्टर. तेव्हा दार वाजवा, तोडलंत तरी चालेल. एरवी मी आत बरी असते.

साबण काल उघडला. हात, पाय, मान यांना लावते, पोटावर नेत नाही, आणि बॅग बदलायच्या दिवशी अजिबात नाही.

पुढच्या वेळी याल तेव्हा मंगळवार-शुक्रवार साडेसहा ते सात बाथरूम माझं. बाबा, तुम्ही तुमची दाढी आधी उरका. आई, तू बाहेर उभी राहू नकोस, कडी लावलेली नसेल, आत ये. स्टूल ठेवते. बघवलं नाही तर आतही एक छोटी खिडकी आहे.

तुमची लेक