उद्यमबागेतल्या लेथवाल्या अण्णांना आभाराचं पत्र

अण्णा, नमस्कार.

तुम्ही बॅलन्स करून दिलेला इंजिनाचा कुलिंग फॅन माझ्या रिमोटवर उडणाऱ्या छोट्या हेलिकॉप्टरला बसवला आणि हेलिकॉप्टर येळ्ळूरच्या शिवारात उडवलं. शेपूट एका जागी थांबते, टाकीतल्या इंधनाला फेस येत नाही. आधी थरथरीने फेस यायचा, त्याचे बुडबुडे इंजिनात गेले की मिश्रणात इंधन कमी पडून इंजिन तापायचं. कुलिंग फॅनच इंजिन तापवत होता!

तुमच्याकडे पंपाचे इम्पेलर, हायड्रोलिकचे पार्ट असली मोठी कामं. त्यात माझा हा तळहाताएवढा फॅन. तरी तुम्ही तो मन लावून बघितलात. मी बॅलन्सिंगचं म्हणत होतो. "आधी सरळ फिरतोय का बघू," म्हणालात. क्रँकच्याच आट्याचं आर्बर, म्हणजे फॅन बसवायचा दांडा, करून फॅन त्यावर चढवलात, वाकडेपणा मोजणारा डायल लावलात. सुई 120 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) हलली. हबचा, म्हणजे फॅनच्या मधल्या भागाचा, सपाट पृष्ठभाग लेथवर हलकासा तासल्यावर ती 30 वर आली. वाकडा फिरणारा फॅन नुसता बॅलन्स करून भागत नाही, हे तिथं डोळ्यांनी बघितलं.

मग पाणसळ लावून दोन धारा (धारदार पट्ट्या) समांतर मांडल्यात, त्यावर आर्बर ठेवलंत. जड बाजू दर वेळी खाली. समोरच्या पात्याच्या टोकाला मेणाचा कण चिकटवलात, थोडा काढलात, परत लावलात. फॅन ठेवू तिथं थांबला. ते मेण सोनाराच्या काट्यावर 0.3 ग्रॅम भरलं. एवढंसं वजन, पण मध्यापासून 25 मिलिमीटरवर आणि मिनिटाला 16,000 फेऱ्यांना ते दोन किलोहून जास्त ओढ देतं, सेकंदाला अडीचशेच्या वर वेळा. बेअरिंग किती सोसणार? वेग दुप्पट झाला तर ही ओढ चौपट होते, म्हणून कुलरचा पंखा चालवून घेतो तसा हा चालत नाही.

पात्याला हात न लावता हबच्या मागे, जड बाजूला, उथळ ड्रिल मारलंत. "पात्याच्या बुडाशी भोक पडलं की तिथनंच तडा जातो," हे शेजारच्या पोराला कानडीत समजावलंत, मला मराठीत. हब मध्याच्या जवळ, म्हणून मेणापेक्षा जास्त धातू काढावा लागला. तोही थोडा थोडा, दर वेळी धारांवर ठेवून बघत. इतकी सबुरी मी कुठल्याच वर्कशॉपात बघितली नव्हती. मनापासून आभार, अण्णा.

खानापूर आणि निपाणीकडचे दोघे मित्र आपापले फॅन घेऊन येणार आहेत. त्यांना मजुरी मात्र इतर जॉबसारखीच पूर्ण लावा.

तुमचा,
हेलिकॉप्टरवाला