‘लेख इथं संपत नाही’ म्हणणाऱ्या काकांना

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे मला माहीत आहे. तरी हे पत्र मी इथेच, सगळ्यांसमोर लिहितेय. गेल्या आठवड्यात वाचनालयात तुमचे आभार मानायला आले, तर तुम्ही “त्यात काय एवढं” म्हणून देवघेवीच्या रजिस्टरात मान घातलीत आणि माझे शब्द तोंडातच राहिले. ते आता नीट लिहून काढते. छापील प्रत शनिवारी आणून देईन.

परवा रात्री इंटरनेटवर माझं पान सुरू झालं, काका. माझ्या नावाचं, माझ्या लेखांचं. ३१ लेख आहेत त्यावर. कुणी विचारलं, “तुम्ही काय लिहिलंय आजवर?” तर आता मला एक पत्ता देता येतो. हे सांगताना आत्ताही गळा दाटून येतोय.

मी २००६ पासून लिहितेय. रविवारच्या पुरवण्या, दिवाळी अंक, संस्थांच्या पुस्तिका. नोकरी कुठेच नाही, लेखावर मानधन. अशा माणसाचं जे काही असतं ते कात्रणांच्या फाईलमध्ये असतं. माझी फाईल सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरी, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. आम्ही निघालो तेव्हा आईची औषधं, कागदपत्रं आणि दोन पिशव्या कपडे एवढंच हाताला लागलं. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं, तर फाईल जागेवर होती, पण आतली सगळी कात्रणं चिकटून तिची वीट झाली होती. दोन दिवस उन्हात ठेवली. पहिलं पान सोडवायला गेले आणि हातात लगदा आला. शाईचा एक अक्षरभर डाग नखात राहिला.

तेव्हा त्याचं रडू आलं नाही. शेजारी लोकांची गुरं गेली होती, दुकानं गेली होती. कागदांसाठी कुठे रडायचं?

रडू आलं ते चार वर्षांनी. एका संस्थेला गावोगावच्या आरोग्यसेविकांवर पुस्तिका लिहून हवी होती. फोनवरच्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, “तुमच्या कामाच्या लिंक पाठवा.” मी आठवून आठवून तीन पाठवल्या. तासाभराने त्यांचा निरोप आला, की तिन्हीवर ‘पान सापडत नाही’ असं येतंय, मग तुमचं काम बघायचं कसं? पेपरची वेबसाइट मधल्या काळात बदलली होती आणि जुने दुवे मेले होते. सतरा वर्षं लिहिणाऱ्या बाईकडे दाखवायला एक ओळ नव्हती. ते काम अर्थातच दुसऱ्या कुणाला गेलं.

मग मी जिथे जिथे गेले ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगते. ज्या पेपरसाठी मी सर्वांत जास्त लिहिलं, तिथे जुने अंक बघायला मिळतील का म्हणून विचारायला गेले. तीन तास बाकड्यावर बसवून ठेवलं आणि शेवटी एकाने दारातूनच सांगितलं, “जुनं कोण वाचतंय मॅडम? नवीन काही असेल तर द्या.” माझ्या लेखांवर ज्यांनी पानं भरली त्यांनी हे म्हणावं! एकाने वेबसाइट करून देतो म्हणून १५,००० रुपये आगाऊ घेतले. महिन्याने जे दाखवलं त्यात लॅपटॉपवर हसणारी एक परदेशी बाई, कॉफीचा कप आणि सगळी जोडाक्षरं फुटलेलं माझं नाव. वर, त्या नावाचा वेबसाइटचा पत्ता त्याने स्वतःच्या खात्यावर घेतलेला. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण केलं नाही, फोन उचलणं बंद केलं. माझ्या नावाच्या त्या पत्त्यावर आज कसल्या तरी कर्जाची जाहिरात दिसते. तो राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मात्र मनापासून शोधून माझ्या लेखाची फाईल पाठवली, त्यांचेही आभार. पण ती जुन्या फाँटमधली. युनिकोड आपल्याकडे रुळण्याआधी अक्षरं संगणकात इंग्रजी खुणांच्या जागेवर बसवलेली असायची. फाँट नसेल तर पडद्यावर नुसत्या आकड्यांचा आणि कंसांचा चिखल दिसतो. माझा लेख माझ्यासमोर होता आणि मला वाचता येत नव्हता.

अशा अवस्थेत मी मिरजेला तुमच्या टेबलापाशी आले. खरं सांगायचं तर आशा ठेवून आले नव्हते. मावशीकडे आले होते, पाऊस होता, वाचनालय उघडं दिसलं. तुम्ही माझं नाव विचारलंत, कुठल्या साली काय लिहिलंत ते विचारलंत आणि कसलाही अर्ज, शिफारस न मागता म्हणालात, “मागच्या खोलीत बांधीव खंड आहेत. वेळ लागेल. पुढच्या शनिवारी या.”

पुढच्या शनिवारी खिडकीजवळच्या टेबलावर नऊ खंड रचून ठेवलेले. प्रत्येकातून कागदाच्या पट्ट्या बाहेर आलेल्या, प्रत्येक पट्टीवर पेन्सिलने तारीख आणि पान. तुम्ही सबंध आठवडा दुपारचा डबा झाल्यावर रोज एक-एक वर्ष चाळत होतात, हे मला तिथल्या शिपाईमामांनी सांगितलं. तुम्ही नाही. झेरॉक्सला खंड उलटे दाबले की शिवण जाते म्हणून तुम्ही फोटो काढू दिलेत, आणि पान सपाट राहावं म्हणून स्वतःच्या हाताने कडा धरून उभे राहिलात. माझ्या कितीतरी फोटोंत कोपऱ्यात तुमचा अंगठा आहे. ते फोटो मी पुसणार नाही.

एवढं तरी कुणी करेल. म्हणजे, करत नाही कुणी, पण करू शकेल. ज्याच्यासाठी हे पत्र आहे ते याच्या पुढचं.

फोटोंवरून टाईप करायला मला किती वेळ लागतो ते बघून तुम्ही म्हणालात, “एक मी करून बघतो, माझी मराठी टायपिंगची ४० ची परीक्षा झालेली आहे.” आणि हरिपूरच्या पेवांवरचा लेख घरी घेऊन गेलात. २००९ चा. हरिपुरात जमिनीखाली खोल पेवं खणून त्यात हळद साठवायचे. तिथल्या मातीत हळदीला कीड लागायची नाही, वर्षानुवर्षं राहायची. २००५ च्या पुरात त्यातली बरीच पेवं निकामी झाली. पेव उघडल्यावर आतली हवा माणसाला मारू शकते, म्हणून ते काही तास उघडं ठेवायचं, कंदील सोडून बघायचा आणि मग हमाल उतरायचा. अशा एका म्हाताऱ्या हमालाशी बोलून मी तो लेख लिहिला होता. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला आधी तोच आठवला होता.

चार दिवसांनी तुम्ही छापून दिलेली पानं हातात घेतली. शेवटच्या ओळीखाली पाऊण पान कोरं होतं. मला वाटलं, छापताना काहीतरी चुकलं. तुम्ही म्हणालात, “चुकलं नाही. जागा सोडलीय. ताई, लेख इथं संपत नाही. मध्ये तुम्ही म्हणता, त्याची बायको पेवाच्या तोंडाशी येऊन बसायची. मग ती गेली कुठं? तिचं काहीतरी राहिलंय. आठवलं तर घाला.”

काका, तो परिच्छेद कापला होता. छपाईच्या रात्री जाहिरात आली म्हणून शेवटच्या चौदा ओळी उडवल्या, आणि मला रविवारी पेपर उघडल्यावर कळलं. संपादकांना कधी वाटलं नाही की काही बिघडलं. एकाही वाचकाने विचारलं नाही. नवऱ्यालाही मी सांगितलं नव्हतं. पंधरा वर्षांनी एका माणसाला तो लेख टाईप करताना ती बाई दिसेनाशी झाल्याचं कळलं, आणि त्याने तिच्यासाठी कागदावर जागा ठेवली.

मूळ वही पुरात गेली. पण त्या कोऱ्या जागेकडे बघता बघता मला ती सगळी आठवली. नवरा खाली उतरला की ती वर बसून त्याच्याशी बोलत राहायची. काहीही. बाजारातून काय आणू, धाकट्याची फी राहिलीय, भिंतीला ओल आलीय. तो खालून ‘हुं’ म्हणायचा. ‘हुं’ यायला जरा उशीर झाला की ती दोराला हिसका द्यायची. ती मला म्हणाली होती, “बोलायला काय नसायचंच हो. त्याचा आवाज यायला पायजे म्हणून बोलायची.” मी तुमच्याच टेबलावर बसून, तुमच्याच पेन्सिलीने ते लिहिलं. तुम्ही उठून पंखा लावलात आणि दुसरीकडे जाऊन बसलात. तेही माझ्या लक्षात आहे.

माझ्या पानावर सगळ्यांत वर तोच लेख आहे, पूर्ण. “पेपरवाले काही म्हणणार नाहीत ना?” अशी तुम्हाला काळजी होती, म्हणून सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, माझ्यासारख्या बाहेरून लिहिणाऱ्याचा मजकुरावरचा हक्क लेखी करार करून दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाही, आणि मी असं काही कधी लिहून दिलेलं नाही. पेपरची पानं मी जशीच्या तशी लावलेली नाहीत, फक्त माझे शब्द आहेत. माझ्यासारखं लिहिणारे आणखी कुणी हे वाचत असतील तर त्यांनीही आपलं लिहिलेलं परत आपल्याकडे आणावं. आणि पत्ता स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या नावाने घ्यावा.

पुराच्या वेळी मिरजेतल्या एका घराने आम्हा सहा जणांना अकरा दिवस ठेवून घेतलं होतं, ओळख ना पाळख. निघताना मी पैसे पुढे केले तर त्या घरच्या आजींनी हात मागे घेतला. तुम्हीही तसाच घेतलात, पेढ्यांचा पुडा दिला तेव्हा. सगळ्या स्टाफमध्ये वाटून टाकलात आणि स्वतः एक कण खाल्लात. अशी माणसं आपलं काम चोख करतात आणि त्याच्या पलीकडे एक पाऊल टाकून थांबतात, आणि ते पाऊल कुणाच्या डोळ्यांत येऊ नये असं त्यांना वाटतं. मला ते डोळ्यांत आणायचं होतं. तुम्ही रागावणार असाल तर रागवा.

गेल्या महिन्यात त्या संस्थेच्या बाईंना मी पानाचा पत्ता पाठवला, पान अजून अर्धंच होतं तरी. त्यांनी हळदीचा लेख वाचून फोन केला. पुस्तिकेबद्दल नंतर बोलल्या, आधी विचारलं, “ती बाई अजून आहे का हो?” मी म्हटलं, मला माहीत नाही, पण हरिपूरला जाऊन बघून येते. तुम्ही येणार असाल तर रविवारी जाऊ.

आणि २०११ च्या खंडात माझा आणखी एक लेख सापडल्याचं तुम्ही म्हणालात, जो मलाही आठवत नाही. खंड बांधणीला गेलाय. आला की फोन करा, मी लगेच निघते.

आपली,
खिडकीजवळच्या टेबलावरची सभासद